दोन दिवसांपुरतं सामान

भोंग्याची गाडी आमच्या गल्लीत शिरली तेव्हा मी यांना सकाळचा चहा भरवत होते. भरवतच होते, कारण यांना पातळ काही गिळता येत नाही. नुसता चहा दिला की ठसका लागतो, चेहरा जांभळा पडतो. म्हणून त्यात बिस्किट कुस्करून लापशी करायची आणि चमच्याने थोडी थोडी द्यायची. एक घास गेला की गळ्याकडे बघत थांबायचं. गळा हलला की मग पुढचा.

पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता. आमचं घर अकोल्यात नदीच्या अंगाला, उतारावर. एरवी त्या नदीला नदी म्हणायचं म्हणून म्हणायचं. जलपर्णी, म्हशी आणि पुलावरून फेकलेले गणपतीचे हार, एवढंच तिच्यात असायचं. गाडीतला माणूस घसा खरवडून सांगत होता, की धरणातून पाणी सोडण्यात येत आहे, नदीकाठच्या लोकांनी दोन दिवस पुरेल एवढं आवश्यक सामान, औषधं आणि कागदपत्रं घेऊन शाळेत जावं, वृद्ध आणि आजारी माणसांना आधी हलवावं.

"बरं," हे म्हणाले.

लकवा झाल्यापासून यांच्याजवळ हा एकच शब्द उरला होता. उजवं अंग गेलं आणि बोलणंही गेलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, की यांना सगळं कळतं, आतून शब्दही येतात, पण तोंडाशी येईपर्यंत त्यांचा एकच शब्द होतो. भूक लागली तरी बरं, नको असलं तरी बरं. राग आला की तोच शब्द मोठ्यानं आणि रडू आलं की तोच तुटक तुटक. मी आवाजावरून ओळखायला शिकले होते. पुष्कळदा जमायचं, कधी कधी नाही.

त्या सकाळी ते "बरं" म्हणाले त्यात घाई होती. ते मला नीट कळलं.

हे पाटबंधारे खात्यात होते. लग्नानंतरची पहिली काही वर्षं आम्ही धरणावरच्या क्वार्टरमध्ये काढली. पावसाळ्यात हे रेनकोट घालून भिंतीवर जायचे, पाण्याची पातळी बघून यायचे आणि वरून हुकूम आला की खालच्या गावांना फोन लावायचे. त्यांचं फोनवरचं बोलणं मला पाठ झालं होतं. "पाटील, पाणी सोडून राहिलो. ढोरं सोडा पयले, मंग भांडीकुंडी पाहा." फोन ठेवल्यावर मला सांगायचे, "लोक काय घेऊन निघतात याचा नेम नसते. एक बाई एकदा डोक्यावर नुसता पाटा घेऊन चढावर आली होती."

आणि मी शाळेत भूगोल शिकवायचे. आपत्तीचा धडा दर वर्षी असायचा. घरात एक पिशवी तयार ठेवावी, तीत विजेरी, काडेपेटी, कोरडं खाणं, पिण्याचं पाणी, औषधं, कागदपत्रं, एक जादा कपडा असावा. मी वर्गाला विचारायचे, तुम्ही काय घ्याल? पोरं म्हणायची, मोबाईल, बॅट, आमची शेळी. वर्ग हसायचा, मीही हसायचे आणि फळ्यावर उत्तर लिहून द्यायचे. एवढी वर्षं तो धडा शिकवून माझ्या स्वतःच्या घरात मात्र अशी पिशवी कधी नव्हती. यांना लकवा झाल्यावर तर ते मनातही आलं नाही. घरातून बाहेर पडणं हीच गोष्ट आमच्यासाठी संपल्यासारखी होती.

मुलीची कॉलेजात असतानाची पाठीवरची सॅक माळ्यावर होती. ती काढली, झटकली. आधी गोळ्या घेतल्या. रक्तदाबाच्या, रक्त पातळ ठेवायच्या, झटके येऊ नयेत म्हणून रात्री द्यायच्या. मग लंगोट. लंगोटांनीच सॅक अर्धी भरली. रबरी चादर, लघवीचं भांडं, टॉवेल, पाठीला लावायची पावडर, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून. चमचा, वाटी. राजगिऱ्याचं पीठ एका डब्यात, पाण्यात कालवून पाणी घट्ट करायला. आधार कार्डं, दवाखान्याची फाईल. सॅकची चेन लागेना. मी गुडघ्यानं दाबून ती लावली आणि तेव्हा लक्षात आलं, की माझं स्वतःचं एक लुगडंसुद्धा तिच्यात नाही. एक परकर-पोलकं प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं, ती पिशवी सॅकच्या हँडलला बांधली.

तेवढ्यात अमरावतीहून मुलीचा फोन आला. तिनं टीव्हीवर बघितलं होतं.

"आई, तू निघाली का?"

"पिशवी भरून राहिली."

"पिशवी सोड न! बाबांले कसं नेशील? ॲम्ब्युलन्सले फोन कर."

"केला. थे म्हणतात गाडी मोठ्या रस्त्यापर्यंत येईन. गल्लीच्या तोंडाशी मोरीवर पाणी आहे."

"मी निघते."

"तू कशी येशील? मूर्तिजापूरच्या पुढं गाड्या थांबवल्या म्हणतात."

मग तिच्या रडण्याचा आवाज आला आणि मी तिला समजावत बसले. इकडे गल्लीत माणसांची पळापळ आणि मी फोनवर म्हणतेय, रडू नको, काही होत नाही, मी आहे. मी काय होते? मला तर यांना कुशीवर वळवतानासुद्धा दम लागायचा.

फोन ठेवला तेव्हा हे डावा हात उचलून समोर दाखवत होते.

"बरं. बरं, बरं."

"काय पायजे? चष्मा?" चष्मा मी त्यांच्या खिशात ठेवला होता, तो काढून दाखवला. त्यांनी मान हलवली, नाही.

"सासूबाईंचा फोटो?" भिंतीवर होता. नाही.

"रेडिओ? घड्याळ?" मी एकेक वस्तू उचलून त्यांच्यासमोर धरत गेले. हाताला येईल ते सगळं धरलं. बोलणं शिकवणाऱ्या मॅडमनी चित्रांचा एक तक्ता दिला होता, पाणी, झोप, संडास, दुखतं, थंडी वाजते. तो पुढे केला. त्यांनी तो डाव्या हातानं उडवून दिला. पुन्हा बोट समोर. माझ्या डोळ्यांत बघून, अगदी सावकाश, एखाद्या मंद पोराला समजवावं तसं ते म्हणाले, "बरं."

मला कळलं नाही. मी वर बघितलं, खाली बघितलं, त्या बोटाच्या रेषेत जाऊन उभी राहिले. म्हटलं, "मले नाई समजून राहिलं हो. काय करू?" तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. मीही रडले. पण रडायला वेळ नव्हता. न्हाणीघराच्या जाळीतून काळं पाणी बुडबुड करत वर यायला लागलं होतं.

शेजारची बाई दारात आली. तिचा नवरा हमाली करतो, बाजार समितीत पोती उचलतो. ती कमरेला पदर खोचून होती.

"काकू, निघा न! गटारातलं पाणी उलटं येऊन राहिलं."

"यायले कसं न्याचं वं?"

"आमी आहो न. खुर्ची आना तुमची."

तिचा नवरा आणि गल्लीतले आणखी तिघं आले. त्यांनी यांना पलंगावरून उचलून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं. मी माझ्या जुन्या लुगड्यानं यांना छातीशी आणि मांड्यांशी खुर्चीला बांधलं. पहिली गाठ बसेना, सोडून पुन्हा बांधली. यांची मान एका बाजूला कलत होती, ती मी उशी लावून सरळ केली. सॅक पाठीवर घेतली. तोवर घरात पाणी घोट्याच्या वर आलं होतं आणि त्यात आमच्या चपला तरंगत होत्या.

खुर्ची दाराशी आली आणि यांनी डाव्या हातानं चौकट धरली.

पकड बघून चौघंही थांबले. लकव्याच्या माणसाच्या चांगल्या हातात दोन हातांचं बळ येतं असं म्हणतात, ते खरं आहे. पाठीमागच्या माणसाचा तोल गेला, खुर्ची तिरपी झाली.

"काका, सोडा न. पडान तुमी."

"बरं!" हे ओरडले.

"काकू, सांगा न त्यायले. पाणी वाढून राहिलं."

मी पुढे गेले. आधी सांगून बघितलं. "आपण परत येऊ. उद्याच येऊ. मी कुलूप लावते न व्यवस्थित." ते माझ्याकडे बघत नव्हते, आत खोलीकडे बघत होते. मग मी त्यांची बोटं सोडवायला लागले. करंगळीपासून. एक सोडवलं की दुसऱ्याकडे जाईपर्यंत पहिलं परत चौकटीवर. शेवटी मी माझा पंजा त्यांच्या पंजाखाली घातला आणि सगळं अंग मागे टाकून ओढला. हात सुटला. त्यांचं नख माझ्या मनगटात रुतलं होतं.

शाळेचा एक वर्ग आमच्यासारख्यांना दिला होता. बाकं भिंतीला लावून मध्ये सतरंज्या टाकल्या होत्या. लोकांनी काय काय आणलं होतं ते बघत मी बसले. एकीनं मिक्सर आणला होता आणि त्याचं भांडं घरी राहिलं होतं. एक म्हातारा सायकल घेऊन वर्गात शिरला होता आणि तिच्यापाशीच बसून होता. शेजारच्या बाईनं लेकरांच्या दप्तरात कपडे भरले होते आणि दप्तरातली पुस्तकं घरी पाण्यात सोडून आली म्हणून तिची पोरगी हुंदके देत होती. त्या सगळ्यांत माझीच पिशवी धड्याप्रमाणे भरलेली. मागितलं ते तीतून निघत होतं. शेजारणीच्या सासूला डोकेदुखीची गोळी मी दिली, कुणाला पावडर दिली.

पण लंगोट बदलायचा कसा? पिशवीत लंगोट होते, आडोसा नव्हता. शेजारीण आणि आणखी एक बाई लुगडं धरून उभ्या राहिल्या, पाठ करून. लुगड्याच्या पलीकडे पन्नासेक माणसं आणि अलीकडे हे, डोळे घट्ट मिटून. आयुष्यभर न्हाणीघराचं दार दोनदा तपासणारा माणूस. मी जमेल तितक्या लवकर केलं. त्यांच्या कपाळावर हात ठेवला तर त्यांनी मान वळवून घेतली.

दुपारी कुठल्याशा मंडळाची खिचडी आली. मी ती पाणी घालून कालवली, राजगिऱ्याचं पीठ टाकलं, भरवली. हे जेवले. मला हुरूप आला. वाटलं, निभेल. दोन दिवसांचाच तर प्रश्न आहे.

संडास शाळेच्या मागच्या अंगाला होता आणि बायकांची रांग होती. सकाळपासून मी गेले नव्हते. शेजारीण तिच्या पोरीला घेऊन माझ्या पुढेच रांगेत होती. जाण्याआधी मी यांच्या बाजूच्या म्हातारीला सांगून गेले, "लक्ष ठेवा जरा. खायाले-प्याले काई देऊ नका." ती हो म्हणाली. तिला कमी ऐकू येतं हे मला माहीत नव्हतं.

परत आले तेव्हा वर्गाबाहेरूनच खोकला ऐकू आला. तो खोकला मी ओळखते. धावले. म्हातारीच्या हातात पाण्याचा गिलास होता आणि ती घाबरून उभी होती. "त्यायनं हात केला वं माय. तहान लागली असन म्हनून देल्लं." हे निळे पडले होते. मी त्यांना पुढे वाकवलं, पाठीवर थापट्या मारल्या. बऱ्याच वेळानं श्वास नीट सुरू झाला. म्हातारी रडत होती, तिला काय बोलणार? माणसानं हात केला आणि तिनं पाणी दिलं. पाणी मागणाऱ्याला कोण नाही म्हणतं?

दुसऱ्या दिवशी ताप चढला. छातीत घरघर सुरू झाली. पाणी ओसरायला लागलं होतं, गाडी शाळेच्या फाटकापर्यंत आली आणि आम्ही सरकारी दवाखान्यात पोचलो. डॉक्टर म्हणाले, पाणी फुप्फुसात गेलंय, न्यूमोनिया आहे. नाकातून नळी घातली. ती नळी ओढून काढू नये म्हणून यांचा डावा हात, तो एकच हात, पट्टीनं खाटेला बांधला. परवानगीच्या कागदावर सही मी केली. मुलगी त्याच संध्याकाळी पोचली. तिनं बापाचा बांधलेला हात बघितला आणि माझ्याकडे बघितलं. मग स्टूल ओढून त्या हाताशी बसली.

हे वाचले. दवाखान्यातून सुटायला बरेच दिवस लागले आणि नळी घेऊनच सुटले. तोंडानं भरवणं बंद झालं. त्या चमच्या-चमच्याच्या चहाला मी कंटाळायचे, चूल, कपडे, सगळं खोळंबायचं त्यापायी. आता नळीतून दूध सोडायला काही वेळ लागत नाही. यांच्या गळ्याकडे बघायचंही कारण उरलं नाही.

दवाखान्यातले दिवस चालू असतानाच एका सकाळी मुलीला यांच्याजवळ बसवून मी घरी गेले. भिंतीवर खिडकीपर्यंत चिखलाची रेघ होती. पलंगाची लाकडी फळी फुगली होती. शेजारीण तिच्या घरातला गाळ उपसत होती, मला बघून खराटा घेऊन आली, पण मी तिला म्हटलं, थांब जराशी. दार लोटलं आणि त्या ओल्या पलंगावर यांच्या जागी आडवी झाले. डोकं त्यांच्यासारखं ठेवलं, डावा हात उचलला आणि त्यांनी दाखवलं होतं तिकडे बोट केलं. पंखा दिसला, विजेचा बोर्ड दिसला. खिळ्याला रेनकोट. खिडकी, तिच्यातून शेजारणीच्या घराची मागची भिंत. माळा, त्यावर पितळेचा डबा. यांतलं काय? की वस्तू नव्हतीच, ते मला सांगत होते, की मेन स्विच बंद कर, की मागच्या दारानं जा, की शेजाऱ्यांना आवाज दे? धरणावरून फोन करायचे तसं काही? की मला सोड आणि तू नीघ, असं? मी पुष्कळ वेळ पडून राहिले. पाठ ओली झाली. मग उठले आणि दोघी मिळून गाळ काढला.

पुढे मी यांना विचारलं. डबा नेऊन दाखवला, रेनकोट दाखवला. "त्या दिवशी हेच का?" त्यांनी वस्तूकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाले, पण त्यात काहीच नव्हतं. बहुतेक ते विसरले होते. मी मात्र नाही विसरले आणि मला अजूनही माहीत नाही.

आता आम्ही अमरावतीला मुलीकडे राहतो, तिसऱ्या मजल्यावर. मुलगी म्हणाली, इथं तरी पाणी येणार नाही. इमारत जुनी आहे, लिफ्ट नाही. यांना खुर्चीत बसवून वर चढवलं त्या दिवसानंतर हे खाली उतरलेले नाहीत. गॅलरीतून रस्ता दिसतो, समोरच्या मैदानात पोरं खेळतात, तिथं त्यांना बसवते.

या उन्हाळ्यात एका दुपारी खाली जिन्यापाशी मीटरच्या खोलीत काहीतरी फुटलं. मोठा आवाज झाला आणि जिन्यातून काळा धूर वर यायला लागला. दारं आपटली, पायांचे आवाज, कुणीतरी ओरडलं, "आग, आग, खाली व्हा सगळे!" मुलगी कामावर होती. मी दार उघडलं, धूर बघितला आणि परत लावलं. सॅक कपाटात होती, तिच्याकडे हातही गेला नाही. यांना उचलायला चौघं नव्हते, ती भरून न्यायची कुठं? टॉवेल बादलीत बुडवून दाराच्या फटीत कोंबले. यांची खुर्ची गॅलरीच्या टोकाला ओढली, आतलं दार बंद केलं आणि शेजारी स्टूल घेऊन बसले. त्यांचा डावा हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. खाली रस्त्यावर इमारतीतली सगळी माणसं जमली होती, माना वर करून बघत होती. कुणीतरी आमच्याकडे बोट दाखवून ओरडत होतं. काय ते ऐकू आलं नाही.

आग मोठी नव्हती. वायरमन आला, वाळू टाकली, धूर विरला. लोक धापा टाकत जिना चढले. समोरच्या फ्लॅटमधली बाई थेट आमच्याकडे आली, रागावलेली.

"काकू, तुमी खाली काहून नाई आल्या? जीव गेला असता न!"

"दूध होतं गॅसवर," मी म्हटलं.

"मायबाई! दुधापायी बसल्या?" तिनं कपाळावर हात मारून घेतला आणि मग तिची नजर गॅलरीतल्या खुर्चीकडे गेली. कपाळावरचा हात तिनं खाली घेतला आणि म्हणाली, "चहा टाकू का तुमच्यासाठी?"

मी हो म्हटलं. ती गेल्यावर दारातले टॉवेल काढले, पिळून दोरीवर वाळत टाकले आणि मुलगी यायच्या आत घरातला धुराचा वास जावा म्हणून सगळ्या खिडक्या उघडल्या.